मजूर अड्ड्यावर ठरलेला भाव साडेनऊच्या पुढे का टिकत नाही?

ओळंबा

नमस्कार मंडळी. मी गवंडी. गाव लातूरकडचं, पुण्यात सतरा वर्षं झाली. इथं आजवर नुसता वाचत होतो, हा पहिलाच धागा. शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

वारज्याच्या मजूर अड्ड्यावर मी सकाळी सातला डबा आणि थापी घेऊन उभा असतो. दिवाळीनंतर आम्ही पंचवीस-तीस जण चहाच्या टपरीमागं बसलो आणि भाव ठरवला. बिगारी सातशे, गवंडी अकराशे, त्याखाली कुणी गाडीत बसायचं नाही. शपथा झाल्या. एकानं तर पोराची शपथ घेतली. पहिले तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी साडेनऊ वाजले तरी निम्मी माणसं उभीच. एक गाडी थांबली, काच अर्धी खाली, "दोन बिगारी, पाचशे." पोराची शपथ घेतलेला सगळ्यात आधी बसला. त्याला तरी काय बोलणार? लागोपाठ तिसरा दिवस कोरडा चालला होता त्याचा.

दुसरं दुखणं पैसे बुडवण्याचं. गेल्या महिन्यात आम्ही चौघं एका सोसायटीत बाथरूम फोडायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरून सगळा राडारोडा पोत्यात भरून खाली आणला. संध्याकाळी साहेब म्हणाले, लिफ्टला ओरखडा पडलाय, आणि माणशी साडेतीनशे हातावर टेकवले. अहो, लिफ्टमध्ये आम्हाला पाऊलसुद्धा टाकू दिलं नव्हतं! वॉचमननं सकाळीच जिना दाखवला होता.

संघटना करायची म्हटलं तर कुठून सुरू करायचं? कुणी केलंय का असं काही?

तोलणार

मी मार्केट यार्डात तोलणार होतो, आता घरी बसून असतो. तुम्हाला पहिला सल्ला मिळेल तो हमाल पंचायतीसारखं, म्हणजे पुण्यातल्या हमालांच्या संघटनेसारखं करा असा. बाबा आढावांनी जे उभं केलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा ते लहान करून सांगत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाची मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, व्यापाऱ्यानं माथाडी मंडळात भरायची, मंडळानं हमालाला द्यायची, अशी सोय झाली. पण त्यात एक गोम आहे. आडत्याचा गाळा पळून जात नाही. उद्या सकाळी माल उतरवायला त्याला तोच हमाल लागतो. तुमचा मालक काच वर करून निघून जातो आणि पुन्हा वर्षभर दिसत नाही. लेव्ही कुणाकडून घेणार?

तुमचं नातं हमालांपेक्षा मोलकरणींशी जवळचं आहे. त्यांचेही मालक शेकड्यानं, दर घरी एक बाई, एकमेकींची गाठ पडायची ती नळावर किंवा जिन्यात. तरी १९८० साली पुण्यात त्यांनी संप केला आणि त्यातून संघटना झाली. माझी थोरली बहीण त्या काळात धुणीभांडी करायची. ती सांगायची, पगाराचा आकडा नंतर आला, आधी एवढंच ठरलं होतं की जिला कारण नसताना काढलं तिच्या घरी दुसरीनं पाय ठेवायचा नाही.

तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत. भाव ही सगळ्यात अवघड गोष्ट, ती आधी धरली. पाचशेला नाही म्हणायचं तर घरात दोन दिवसांचं पीठ असावं लागतं. बुडव्याला नाही म्हणायला नुसती माहिती पुरते. एक वही करा. गाडीचा नंबर, कुठल्या भागात नेलं, किती माणसं, काय ठरलं, संध्याकाळी काय मिळालं. बस्स.

कोथरूडचा घरमालक

काच अर्धी खाली करणाऱ्यांपैकी मी एक. माझीही बाजू ऐका. गाडी थांबली की पंधरा जण चहूबाजूंनी येतात, दोघं दार उघडायला लागतात. मी घाबरतो. त्या घाईत तोंडाला येईल तो आकडा बोलतो, आणि खरंच सांगतो, चालू भाव मला माहीतच नसतो. मागच्या वेळी शेजाऱ्यानं पाचशे सांगितले म्हणून पाचशे. चौकात भावाची पाटी असती तर मी तेवढे दिले असते. (एका रंगाऱ्यानं पॉलिश पेपर न मारताच पुट्टीवर रंग फासला होता, ते दुःख वेगळं. त्यासाठी वेगळा धागा काढेन.)

माळवाडीची लेक

ओळंबादादा, टपरीमागच्या त्या बैठकीत बाई किती होत्या?

माझी आई त्याच अड्ड्यावर अकरा वर्षं उभी राहते. बायका पलीकडं झाडाखाली असतात, तुम्हाला दिसत असतील. घमेली तितकीच, जिना तोच, आणि बाईची हजेरी दीडशेनं कमी. कुणी विचारलं तर "बाईमाणूस आहे". आई सकाळी सहानंतर पाण्याचा घोट घेत नाही, कारण जवळपास जायला जागा नाही. गाडीत बसली तर तिथं मिळेल, नाहीतर दुपारी घरी आल्यावर.

आणि तोलणार काकांच्या वहीचा आणखी एक उपयोग. १९९६ च्या कायद्यातून आलेल्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. दुरुस्ती आणि पाडकामही त्यात धरतात, म्हणजे बाथरूम फोडणं चालतं. पण गेल्या वर्षी आईनं तीसेक घरी काम केलं. सही कोण करणार? कुणाकडं दोन दिवस, कुणाकडं एक. एकजण पैसे घेऊन दाखला आणून देतो म्हणाला. आईनं त्याला हाकललं. मग रात्रभर जागी राहिली, चूक केली का म्हणून. तारखेवार लिहिलेलं असेल तर निदान कुणाकडं सही मागायला जायचं ते तरी कळेल.

ओळंबा

ताई, एकही नव्हती. खोटं कशाला बोलू, सुचलंच नाही.

सॅनफर्नांडो

मी बरीच वर्षं लॉस एंजेलिसच्या बाजूला राहतोय. इथंही हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांबाहेर सकाळी असेच उभे असतात, बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमालाकडचे. स्पॅनिशमध्ये त्यांना होर्नालेरो म्हणतात. २००१ मध्ये त्यांच्या गटांनी मिळून देशभराचं एक जाळं केलं, नॅशनल डे लेबरर ऑर्गनायझिंग नेटवर्क. रेडोंडो बीच नावाच्या गावानं रस्त्यावर उभं राहून काम मागायला बंदी घातली होती, ती २०११ मध्ये अपील कोर्टानं रद्द ठरवली. आपल्याकडं पोलिसांनी हुसकावलं की कुणी कोर्टात जाताना दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. काही ठिकाणी त्यांची केंद्रं आहेत. सकाळी नाव लिहायचं, चिठ्ठी निघेल त्या क्रमानं काम. गाडीभोवती झुंबड नाही, त्यामुळं कोथरूडकर घाबरणार नाहीत.

तोलणार

चिठ्ठी चांगली, पण ती काढणार कोण? जो काढेल तो सहा महिन्यांत मुकादम होतो आणि माणशी पन्नास कापतो. वही टपरीवाल्याकडं ठेवा. त्याला सगळ्यांना चहा विकायचाय, तो कुणा एकाची बाजू घ्यायचा नाही. आणि दर आठवड्याला लिहिणारा हात बदला.

ओळंबा

तीन आठवडे झाले, म्हटलं कळवावं.

वही सुरू आहे. पोरीच्या मागच्या वर्षीच्या वहीत पाठची पानं कोरी होती, तीच घेतली. पुढच्या भागात अपूर्णांकांची गणितं आहेत. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, दुसऱ्यात झाडाखालच्या एका मावशींनी. त्यांनी न विचारता बाई आणि बाप्या एकाच रकान्यात घेतले, एकच आकडा. दोघातिघांनी कुरकुर केली. मावशी म्हणाल्या, मग तुमच्या वहीत तुम्ही वेगळं लिहा. दुसरी वही कुणी आणली नाही.

परवा लिफ्टवाले साहेब आले. नंबर वहीत पहिल्याच ओळीला. जुन्यापैकी कुणी हललं नाही. दहा मिनिटं गाडी उभी होती. शेवटी दोन पोरं बसली, आदल्या रात्रीच गावाहून आलेली, त्यांना वहीचं ठाऊक नव्हतं. मावशी काचेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, दोघं चाललेत, सातशेनं, नंबर लिहून घेतलाय." संध्याकाळी पोरांना पुरते सातशे मिळाले. वर वडापाव.

भाव अजून साडेनऊनंतर उतरतोच. सोमवारी साडेपाचशेला बसले चार जण, त्यात मीही होतो. तेही लिहिलंय.