मदत हवी आहे: हिस्टोनवरची खूण एकच, मग काम उलटं कसं?

नमस्कार. मी मूळची अंबाजोगाईजवळची, सध्या लातूरला एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. सोमवारी सेमिनार आहे: पेशीचक्रात हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) फॉस्फेट कधी चढतो, कधी उतरतो. विषय हट्टानं मीच घेतला, आता एका जागी अडलेय.

समजलं तेवढं सांगते, चुकलं तर तिथंच थांबवा. एच१ या हिस्टोनवरचे फॉस्फेट जी१ मध्ये (डीएनएची नक्कल होण्याआधी) सगळ्यांत कमी, एस पासून (नक्कल होते त्या टप्प्यापासून) वाढत जातात, मेटाफेजला (विभाजनात गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात तेव्हा) सर्वाधिक. एच३ या हिस्टोनची तऱ्हा वेगळी. त्याच्या शेपटीत दहाव्या जागी असलेलं सेरीन हे अमिनो आम्ल (सेरीन-१०) एरवी जवळपास मोकळंच असतं. जी२ (विभाजनाआधीचा टप्पा) संपत आला की सेंट्रोमिअरच्या (गुणसूत्राच्या दोन प्रती जोडलेल्या असतात त्या जागेच्या) आसपास फॉस्फेट दिसू लागतो, मग भुजांवर पसरतो, मेटाफेजला अख्खं गुणसूत्र व्यापतो आणि ॲनाफेजपासून (त्या प्रती वेगळ्या होऊ लागल्या की) उतरू लागतो. चढवणारं एन्झाइम ऑरोरा बी, उतरवणारं पीपी१.

पण शांत बसलेल्या पेशीला ग्रोथ फॅक्टर (वाढीचा इशारा देणारं प्रथिन) दिला, की काही मिनिटांत हेच सेरीन-१० फॉस्फेट घेतं आणि सी-फॉससारखी जनुकं चालू होतात! एकीकडे, विभाजनात, क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोनची गुंडाळी) आवळतं, दुसरीकडे उघडतं. हे सरांनी विचारलं तर काय सांगू?

दुसरं, गंजगोलाईतून कांदे आणून त्यांच्या मुळांच्या मी स्लाइड केल्या होत्या. तेच चित्र काढून पूर्ण गुणसूत्रावर सेरीन-१० ची खूण रंगवली तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, मांडणी बरोबर आहे. फॉस्फेट कोण चढवतं, कुठं चढवतं आणि शेजारी काय आहे, ते बघा. ग्रोथ फॅक्टरनंतर एमएसके१ आणि एमएसके२ ही एन्झाइमं मोजक्याच न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनभोवती डीएनएचे वेढे असलेल्या मण्यांवर) काम करतात. मायटोसिसमध्ये (पेशीविभाजनात) ऑरोरा बी गुणसूत्रभर फिरतं. तिथं शेजारच्या लायसिन-९ (नवव्या जागेवरचं अमिनो आम्ल) वरच्या तीन मिथिल गटांना एचपी१ हे प्रथिन धरून बसलेलं असतं. सेरीन-१० वर फॉस्फेट आला की त्याची पकड सुटते. मिथिल जागेवरच राहतात, म्हणून फॉस्फेट उतरला की एचपी१ परत येतं. हा भाग फळ्यावर सावकाश काढा, सेमिनारचा जीव यातच आहे.

आणि 'फॉस्फेटमुळे गुणसूत्र आवळतं' असं सरसकट लिहू नका. आवळण्याचं मोठं काम कंडेन्सिन या प्रथिनसंचाचं. यीस्टमध्ये सेरीन-१० बदललं तरी पेशी वाढतात. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात मात्र तसं केलं तर गुणसूत्रं नीट वेगळी होत नाहीत.

कांद्याचं चित्र तसं रंगवू नका. वनस्पतींच्या मायटोसिसमध्ये ही खूण मुख्यतः सेंट्रोमिअरभोवतीच राहते. पूर्ण रंगवायचं तर माणसाची पेशी काढा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. मी नेमकं तेच चुकीचं रंगवून ठेवलं होतं, आज रात्री नवीन काढते. एच३ वरचं थ्रिओनिन-३ (तिसऱ्या जागेवरचं अमिनो आम्ल) पण घ्यावं का?

प्रतिसाद

एका ओळीत घ्या. हॅस्पिन हे एन्झाइम तिथं फॉस्फेट चढवतं, सर्व्हायविन हे प्रथिन तो ओळखतं, आणि त्याच्यासोबत ऑरोरा बी सेंट्रोमिअरपाशी येऊन बसतं.