टुरिस्ट व्हिसावर समर सेशन नको

मुलीला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या समर सेशनला (उन्हाळी सुट्टीतल्या छोट्या अभ्यासक्रमांना) पाठवावं का आणि पुढे एमएसच्या प्रवेशाला त्याचा उपयोग होईल का, असं एका पालकांनी विचारलं होतं. मुलीकडे दहा वर्षांचा अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा आहेच, त्यावर हे सेशन उरकता येईल, असा सल्ला त्यांना दिला गेलाय. कळकळीने सांगते, तसं करू नका. क्रेडिट मिळणारा (म्हणजे पदवीसाठी मोजला जाणारा) अभ्यासक्रम बी-१/बी-२ वर, म्हणजे या टुरिस्ट व्हिसावर, करता येत नाही, मग तो सहाच आठवड्यांचा का असेना. विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला घ्यायचा (त्यासाठी बँकेत पैसे दाखवावे लागतात), सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर भरायचे आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत द्यायची. मुंबईत मुलाखतीची तारीख उन्हाळ्याच्या तोंडावर मिळणं कठीण, म्हणून हिवाळ्यातच सुरुवात करा.

आता एमएसला उपयोग होईल का, हा प्रश्न. नुसत्या बर्कलीच्या नावाचा फार नाही. समर सेशनमध्ये शिरणं नेहमीच्या प्रवेशाइतकं अवघड नसतं, हे एमएसचे प्रवेश ठरवणाऱ्या समित्यांना ठाऊक असतं. पण सबंध सेमिस्टरचा विषय सहा-आठ आठवड्यांत पेलून चांगली ग्रेड आणली, तर ती ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या गुणपत्रकावर) दिसते. म्हणून एकच अवघड विषय घ्यावा, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेत) न चुकता जावं. शिफारसपत्र तिथूनच मिळतं.

आणि आपल्याकडची सेमिस्टर परीक्षा मे-जूनमध्ये लांबते. ती समर सेशनच्या आड येत नाही ना, हे तारखा आधी पडताळून बघा.