थॉथ टॅरो: कार्डांवरची नावे झाकून शिकावे, की कोष्टक आधी पाठ करावे?

जळगावची नवशिकी

चार महिन्यांपूर्वी मी थॉथ टॅरोचा, म्हणजे भविष्य किंवा अर्थ वाचण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांचा, संच घेतला आणि ७८ कार्डांपैकी आजवर फक्त ११ पाहिली आहेत. ओळखीतले सगळे सांगतात की नवशिक्याने १९०९ सालच्या रायडर संचापासून सुरुवात करावी, कारण पामेला कोलमन स्मिथ यांच्या त्या चित्रांत माणसे आहेत, प्रसंग आहेत आणि गोष्ट आपोआप कळते. थॉथमध्ये तसे नाही. अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्याच्या सांगण्यावरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात ती चित्रे रंगवली, आणि लहान कार्डांवर माणसांऐवजी शस्त्रे, पेले, चकत्या, ग्रहांची व राशींची चिन्हे आणि खाली एकच इंग्रजी शब्द आहे.

माझे म्हणणे असे आहे की सुरुवात थॉथपासूनच करावी, मात्र खालचा तो शब्द झाकून. मी वहीच्या कागदाची बोटभर पट्टी कापून ती कार्डाच्या खालच्या कडेवर ठेवते. तलवारींची तिर्री प्रथम पाहिली तेव्हा पट्टी नव्हती; ‘सॉरो’, म्हणजे दुःख, एवढेच वाचले आणि कार्ड बाजूला ठेवले. महिन्याभराने तेच कार्ड पट्टी ठेवून पाहिले, तेव्हा तिसऱ्या दिवशी मला कळले की मधली मोठी तलवार आणि दोन वाकड्या तलवारी जिथे भिडतात तिथे एक गुलाब आहे आणि त्याच्या पाकळ्या गळत आहेत. कार्ड तेच होते, फक्त शब्दाने माझे डोळे आधीच मिटवले होते. म्हणून पहिले काही महिने शब्द नको, सोबतची पुस्तिका नको आणि अर्थांची यादी तर मुळीच नको, असे मला वाटते. अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

भुसावळ जंक्शन

ताई, तुमची चिकाटी आवडली, पण पद्धत मान्य नाही. मी ३१ वर्षे रेल्वेत काढली. सिग्नलवर एक पिवळा दिवा आणि दोन पिवळे दिवे यांत काय फरक आहे, हे कोणी दिव्याकडे तीन दिवस टक लावून शिकत नाही. लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा, या चौघांमध्ये ज्याची जी जागा आहे तोच त्याचा अर्थ. एकटा पिवळा दिवा म्हणजे नुसता पिवळा दिवा.

थॉथची लहान कार्डे अगदी अशीच बांधलेली आहेत. एक्के सोडले तर दुर्रीपासून दश्शीपर्यंत चारही रंगांची मिळून ३६ कार्डे होतात आणि राशिचक्राचे ३६० अंश त्यांत दहा-दहा अंशांनी वाटले आहेत. पंचांग उघडणाऱ्या माणसाला हे नवे नाही, हा आपला द्रेष्काणच आहे, म्हणजे राशीचा तिसरा भाग. तो शब्दही ग्रीक ‘डेकानोस’वरून आला असे अभ्यासक मानतात. तुमची तिर्री तूळ राशीच्या दुसऱ्या द्रेष्काणाची, म्हणजे १० ते २० अंशांची, आणि तिच्यावर ग्रह आहे शनी.

इथेच मी आठवडाभर अडलो होतो. शनी तुळेत उच्चीचा, म्हणजे बलवान, आणि त्याचे परमोच्च, म्हणजे सर्वात बलवान स्थान, २० अंशांवर, म्हणजे नेमके या कार्डाच्या टोकाला. मग नाव ‘दुःख’ कसे? उत्तर चित्रात नाही, कोष्टकात आहे, म्हणजे कोणत्या कार्डाला कोणता ग्रह, रास आणि स्थान हे सांगणाऱ्या तक्त्यात. क्रोलीच्या मांडणीत तीन हा आकडा कब्बाला या ज्यू गूढविद्येतील ‘बिना’ या स्थानाचा, तिथला ग्रह शनी, आणि ती महामाता. त्यामुळे हे दुःख प्रेमभंगाचे राहत नाही. जे जे जन्माला येते त्याला मरण आहे, हे ज्या आईला ठाऊक असते तिचे ते दुःख आहे. इथे शनी बलवान आहे म्हणूनच दुःख एवढे खोल आहे. पट्टी ठेवून दहा वर्षे पाहिले असते तरी हे हाती लागले नसते.

एक सावधगिरीही सांगतो. आपले द्रेष्काण डोक्यात ठेवून ही कार्डे वाचू नका. वृषभेच्या तीन द्रेष्काणांचे स्वामी आपल्याकडे शुक्र, बुध, शनी. थॉथमध्ये तीच जागा बुध, चंद्र आणि शनीची आहे. शिवाय त्यांचे राशिचक्र सायन, म्हणजे संपातापासून मोजलेले, आपले निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेले, आणि दोन्हींत सुमारे २४ अंशांचे अंतर. म्हणून कोष्टक आधी पाठ करावे, चित्र नंतर पाहावे.

सातपुड्याची सावली

काका, सिग्नल कोणी रंगवला याने गाडीला फरक पडत नाही. या कार्डांना पडतो. मी शहाद्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून थोडे चित्राच्या बाजूने बोलते. हॅरिसबाईंनी प्रक्षेपी भूमितीचा, म्हणजे आकृती दुसऱ्या पातळीवर प्रक्षेपित केल्यावर काय टिकते याच्या शास्त्राचा, अभ्यास केला होता आणि या संचातील पडदे, जाळ्या व पात्यांसारखे एकमेकांतून जाणारे वक्र त्या अभ्यासातून आले आहेत. कोष्टकात शनी आणि तूळ लिहिलेले असेल. त्या दोन तलवारी वाकड्या का आहेत, हे त्यात लिहिलेले नसते. (या बाई उतारवयात भारतात आल्या आणि १९६२ मध्ये श्रीनगरला वारल्या. १९६९ मध्ये कार्डे छापून विक्रीला आली तेव्हा त्याही नव्हत्या आणि १९४७ मध्ये गेलेला क्रोलीही नव्हता.)

परंतु ताई, तुमच्याशीही माझे भांडण आहे. माहीत नसलेले चिन्ह डोळ्यांना दिसते, पण ओळखू येत नाही. आठवीच्या मुलांना मी डिस्कची, म्हणजे चकत्यांची, पंजी फळ्यावर काढून दाखवली आणि पाच चकत्यांत काय दिसते ते लिहायला सांगितले. बहुतेकांनी चौकोन, त्रिकोण, गोल, चंद्राची कोर आणि अंडे असे लिहिले, आणि ते बरोबरही होते. एकाच मुलीने, जिच्या घरी योगवर्ग चालतो, पृथ्वी, तेज, वायू, आप आणि आकाश असे लिहिले. त्या आकृत्या आपल्या पंचमहाभूतांच्याच आहेत. इंग्लंडमधल्या गूढ मंडळींनी त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडून उचलल्या. त्या मुलीने बाकीच्यांपेक्षा बारकाईने पाहिले असे नाही, तिला ते आधीपासून माहीत होते. मग काही कार्डांवर असलेल्या हिब्रू अक्षराकडे तुम्ही कितीही दिवस पाहिलेत, तरी ते तुम्हाला काय सांगणार?

धुळेकर

तिघेही इतके आदराने बोलत आहात की मूळ प्रश्न विचारायचे धाडस होत नव्हते. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता. ती इजिप्तच्या थॉथ देवाची विद्या आहे, असे कूर द जेबेलँ या फ्रेंच गृहस्थाने १७८१ मध्ये लिहिले, आणि इजिप्तची चित्रलिपी शांपोलियन या फ्रेंच अभ्यासकाला उलगडली ती १८२२ मध्ये. म्हणजे जी लिपी कोणालाच वाचता येत नव्हती तिच्या नावावर ही वंशावळ उभी आहे, आणि या संचाचे नावही तिथूनच आले आहे. आता काका म्हणतात की वृषभेच्या पहिल्या दहा अंशांचा स्वामी आपल्याकडे शुक्र आणि तिकडे बुध. दोन कोष्टके, दोन उत्तरे, आणि दोन्ही बरोबर! असे कोष्टक पाठ करण्यापेक्षा पाढे पाठ केलेले काय वाईट? माझ्या एका नातेवाइकाने मुलीच्या लग्नासाठी अशाच वाचनापायी तीन हजार रुपये घालवले, म्हणून हे थोडे चिडून लिहिले आहे.

जळगावची नवशिकी

दादा, तुमचा राग रास्त आहे. मी कोणाचे भविष्य सांगत नाही आणि सांगण्याचे पैसे घेणे मला पटत नाही. इजिप्तची गोष्ट खोटी आहे हेही मान्य, पण चित्रे १९३८ नंतरची आहेत, आणि मला त्या चित्रांशी देणेघेणे आहे.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजी पाण्याने भरलेल्या घागरीखाली शेतातली चार ढेकळे ठेवायची: आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस चांगला. पाऊस त्या ढेकळाचे ऐकत नाही, हे आजीलाही ठाऊक होते. पण कोणते ढेकूळ कोणत्या महिन्याचे, हे आधी ठरवल्याशिवाय तिने घागर कधी ठेवली नाही. काकांचे आणि शहाद्याच्या ताईंचे उत्तर वाचताना हे आठवले आणि माझी बाजू थोडी लंगडी पडली. तरीही ढेकूळ भिजताना आजी खाली वाकून बघायचीच. नुसते महिने पाठ आहेत म्हणून ती खाटेवर बसून राहिली नाही.

भुसावळ जंक्शन

धुळेकर, दोन कोष्टकांत उत्तर वेगळे येते म्हणून दोन्ही खोटी ठरत नाहीत. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षण. भाषा कोणती ते आधी ठरवावे लागते, एवढेच. भविष्याबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही, तीन हजारांबद्दल तर नाहीच.

ताई, आजींचा दाखला तुम्ही स्वतःच माझ्या बाजूने दिलात. तेव्हा तडजोड अशी: शब्दावरची पट्टी हवी तर ठेवा, पण ग्रह आणि रास यांची चिन्हे झाकू नका. ती चित्रकर्तीनेच चित्रात घातली आहेत, छापणाऱ्याने खाली चिकटवलेली नाहीत. आणि छत्तीस द्रेष्काणांचा क्रम पाठ होईपर्यंत बारावे कार्ड काढू नका.

जळगावची नवशिकी

काका, बारावे कार्ड तुमचे उत्तर येण्यापूर्वी आज सकाळीच काढले. डिस्कची दुर्री आहे. मुकुट घातलेला साप स्वतःची शेपटी तोंडात धरून इंग्रजी आठाच्या आकारात वळला आहे आणि त्याच्या दोन वेटोळ्यांत काळ्या-पांढऱ्या चिनी चकत्यांसारखी दोन चाके आहेत. गुरूचे चिन्ह ओळखता आले, मकरेचे वहीत शोधावे लागले. पट्टी मात्र ठेवायची राहून गेली आणि ‘चेंज’ हा शब्द वाचला गेला. आता हेच कार्ड महिनाभराने पुन्हा पाहावे लागेल.