मार्क ट्वेनला शेवटचे सत्कार कसे सोसले असतील?

अंबाजोगाईचा मास्तर:
शनिवारी आमच्या वाचनालयात मला अमेरिकन लेखक मार्क ट्वेनवर बोलायचंय. त्याच्या उतारवयाचं वाचायलोय आणि चार दिवस झाले, तिथंच अडकलोय. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईला आला ते काही हौसेनं नव्हे. छपाईच्या यंत्रात पैसा बुडाला, स्वतःची प्रकाशन संस्था बुडाली. कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत फिरत होता. दौरा संपवून इंग्लंडात थांबला होता, तिथं ऑगस्टमध्ये तार आली: थोरली सूझी गेली. वय २४. तिच्या आजाराचं कळून बायको आणि मधली मुलगी बोटीनं निघाल्या होत्या, त्या अजून समुद्रातच.

१९०४ ला फ्लॉरेन्समध्ये बायको लिव्ही गेली. इकडं नाव मात्र वाढतच चाललेलं. पांढऱ्याशुभ्र सुटातला म्हातारा जगाच्या ओळखीचा झाला. १९०७ ला ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली. तिथला तो लाल झगा त्याला एवढा आवडला की १९०९ ला मधल्या क्लाराच्या लग्नातही तोच घालून उभा राहिला. जिला आधी दाखवायचा तीच घरात नाही, मग त्या झग्याचं एवढं काय असेल त्याला? हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी जन्मला आणि तो परत आला त्या वर्षी गेला, ही गोष्ट कृपया सांगू नका, ती माहीत आहे.

गोदाकाठ, नांदेड:
सर, धाकट्या जीनचं वाचलंत का? क्लाराच्या लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. २४ डिसेंबरला सकाळी न्हाणीघरात जीनला फिट आली, त्यातच गेली. २९ वर्षांची. नाताळच्या झाडाची, भेटवस्तूंची सगळी तयारी तिनं करून ठेवलेली. दफन दूर एल्मायराला होतं, हा गेला नाही. बर्फ पडत होता, खिडकीत उभा राहून गाडी जाताना बघितली. आणि ते दोन-तीन दिवस तिच्यावर लिहीत बसला. समोर टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं, तरी लिहिलं. म्हणून मी त्याला प्रसिद्धीचा हावरा म्हणू शकत नाही. चार महिन्यांत तोही गेला.

परभणीचा नाना:
मास्तर, मला आमचे अण्णा आठवले. अभंग रचायचे. माय होती तोवर कुणी विचारलं नाही. ती गेल्यावर गावोगावची बोलावणी सुरू झाली. अण्णांनी एकही मोडलं नाही. आदल्या रात्री धोतराला स्वतः नीळ द्यायचे. आधी कुठून नारळ आला की माय कानाशी हलवून बघायची, वरवंट्यानं फोडायची, गल्लीतल्या लेकरांना खोबरं वाटायची. आता शाल खुंटीला आणि नारळ कोनाड्यात. दीड वर्षानं मी उतरवले तर अकरा निघाले. पाणी आटलेलं, आतली वाटी सुटून खुळखुळ वाजायली. म्हणलं, देवळात देऊन टाकू. अण्णा म्हणले, "राहू दे. तिचे हायेत."

अंबाजोगाईचा मास्तर:
नाना, शनिवारी हे सांगितलं तर चालंल का?

परभणीचा नाना:
सांगा. गावाचं नाव तेवढं घेऊ नका.