खाजेवरची ट्यूब: कुणी दिली, किती दिवस लावली? तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी.

मी फोंडा तालुक्यातली. घरीच खाणावळ चालवते, म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास हात पाण्यात. मासळी साफ करायची, लसूण सोलायची, वर भांड्यांचा साबण. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात उजव्या हाताच्या बोटांच्या बाजूंना साबुदाण्यासारखे बारीक फोड आले. खाज अशी की रात्री उठून हात थंड फरशीवर दाबून बसायचे. मग कातडी सोलपटली, भेगा पडल्या. सुंगटं (कोळंबी) सोलताना मिठाचं पाणी भेगेत गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं.

ओळखीच्या एकांनी एक ट्यूब आणून दिली. दोन दिवसांत हात स्वच्छ! बंद केली की आठवड्यात पुन्हा तेच. असं सहा महिने चाललं. शेवटी बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात गेले. डॉक्टरबाईंनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हें मलम कोणें दिलें तुमकां?"

गंमत अशी की औषध चुकीचं नव्हतं. माझा इसब होता आणि इसबाला स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि खाज दाबणारं औषधच लागतं. चुकत होती ती पद्धत. मी घाबरत घाबरत मुगाएवढं लावायचे, खाज कमी झाली की लगेच थांबायचे, पुन्हा उठली की पुन्हा. आतली सूज कधी पुरती बसलीच नाही. त्यांनी मला माप दाखवलं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून जेवढी वळी निघते, ते साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं एका हाताला, तळवा आणि मागची बाजू धरून, पुरतं. रात्री एकदा, सलग दोन आठवडे. मग एकदम बंद नाही, काही काळ आठवड्यातून फक्त दोन रात्री. दिवसा मात्र हात धुतला की दर वेळी साधं व्हॅसलीन. भांडी घासताना आत सुती मोजे आणि वर रबरी. तेव्हापासून वर्षातून एखाद्या वेळी उठतो, तेवढंच.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. माझं बरं झालेलं पाहून शेजारच्या मुलीने ती ट्यूब मागितली. चेहऱ्यावर वांग येतोय म्हणाली. मी दिली. तिचं काय झालं ते शेवटी लिहीन. त्याआधी तुमचं ऐकायचं आहे. कुठलं मलम, कशासाठी, किती दिवस, आणि पुढे काय झालं. चांगलं झालं असेल तर तेही लिहा.

साखळीहून, मोटरसायकल पायलट (दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारा)

ताई, बरं झालं विषय काढलात. आमच्या धंद्यात हे घरोघरी आहे, पण जागाच अशी की कोण बोलत नाही. दिवसभर सीटवर, पावसात जीन्स भिजते ती अंगावरच वाळते. मला जांघेत गजकर्ण झालं. सुरुवातीला रुपयाएवढा गोल, कडेला लाल, मधे साफ. फार्मसीत जाऊन नुसतं "खाजेचं मलम" म्हटलं, एक ट्यूब मिळाली. पहिल्याच रात्री झोप लागली. मला वाटलं, रामबाण.

चार महिन्यांत ते कमरेपर्यंत आलं. गंमत म्हणजे ते गजकर्णासारखं दिसेचना. कड नाही, गोल नाही, नुसते तांबूस पट्टे. म्हणून मला वाटलं हे काहीतरी दुसरंच, मग आणखी लावलं. तोवर बायकोला झालं, मग मुलाच्या मानेवर. टॉवेल एकच होता आमचा.

त्वचेच्या डॉक्टरनी कातडी थोडी खरवडून काचेवर घेतली, औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी भरपूर. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. बुरशीचं औषध होतं, जिवाणूंचं होतं आणि तिसरं क्लोबेटासोल. ते म्हणाले, हे स्टेरॉइडांतलं सगळ्यात जबरदस्त. त्याने खाज आणि लाली दबते, कारण शरीराची लढाईच थंडावते. बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणून वरून बरं दिसतं आणि आतून पसरतं.

मलम थांबवल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज दुप्पट झाली. हे कुणीतरी आधी सांगायला हवं, कारण त्याच दिवसांत माणूस पुन्हा ट्यूब घेतो. मला डॉक्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. बुरशीच्या गोळ्या, बुरशीचंच साधं मलम डागाच्या बाहेर दोन बोटं लावायचं, आणि घरातल्या तिघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. मला अडीच महिने लागले. साफ झाल्यावरही दोन आठवडे औषध सोडलं नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तर चड्डीला शिवणीवरून गरम इस्त्री फिरवायची, ही सवय आता पक्की झाली आहे.

गजकर्ण गेलं. जांघेत कातडी फाटल्यासारखे जांभळट पट्टे उठले होते, बाळंतपणात पोटावर येतात तसे. त्यांचा रंग फिका झाला, पण पट्टे राहिले. ते जात नाहीत म्हणाले डॉक्टर.

म्हापशाहून, औषधाच्या दुकानात बावीस वर्षं

वरच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. आमच्यातले काही जण असं देतात, नाकारणार नाही. 2018 साली केंद्राने चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. गिऱ्हाईक काउंटरवर भांडतं, "परवा तर दिलंत!" मी तरी देत नाही.

एक साधी गोष्ट करा. ट्यूबचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काहीही दिसलं तर ते स्टेरॉइड. सगळी सारखी नसतात. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, आणि क्लोबेटासोल 0.05 टक्के असूनही त्याच्या कितीतरी पट कडक. टक्केवारीवर जाऊ नका. खूप जण "पॉइंट झिरो फाइव्ह, म्हणजे हलकं" म्हणून तेच निवडतात.

मडगावहून, दीड वर्षाच्या मुलाची आई

माझी गोष्ट उलट्या बाजूची आहे. बाळाला चौथ्या महिन्यात गालांवर आणि मग कोपरांच्या घड्यांत इसब आला. डॉक्टरनी सौम्य स्टेरॉइड लिहून दिलं. घरी आणलं, सासूबाईंनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड? हाडांत उतरेल ते." मीही मोबाइलवर काय काय वाचलं होतं. ट्यूब कपाटात ठेवली. कडुलिंबाचं पाणी, हळद, कुणी सांगितलेला पाला, सगळं करून पाहिलं.

एका सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके. रात्रभर खाजवून पोराने कोपर सोललं होतं, त्यावर मधासारखी पिवळी खपली धरली होती. जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक द्यावं लागलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, याचंच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "आई, तुम्ही वाचवायला गेलात त्यापेक्षा जास्त त्याला सोसावं लागलं."

मग शांतपणे समजावलं. सौम्य मलम, दिवसातून एकदा, फक्त लाल आणि खरखरीत जागी, पाच ते सात दिवस. लंगोटाच्या किंवा डायपरच्या आत विचारल्याशिवाय लावायचं नाही, कारण झाकलेल्या जागी औषध जास्त मुरतं. कोमट पाण्याची दहा मिनिटांची आंघोळ, अंग जरा ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, आणि स्टेरॉइड त्यानंतर अर्ध्या तासाने. चौथ्या दिवशी बाळ रात्रभर झोपलं. सासूबाई सकाळी त्याच्या कोपरावरून हात फिरवत बसल्या होत्या. आता त्याच आठवण करून देतात, "आज लावायचा दिवस ना गं?"

कृपा करून घाबरून थांबू नका. शंका असेल तर डॉक्टरला दहा वेळा विचारा, पण लेकराला खाजवत ठेवू नका.

वाळपईहून

काजूचा चीक. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या बिया फोडून गर काढायचे, मला लहानपणापासून सवय. गेल्या साली खोबरेल न लावताच बसले. दुसऱ्या दिवशी मनगटं काळपट, वर फोड, डोळ्यांच्या पापण्याही सुजलेल्या, कारण त्याच हातांनी घाम पुसला होता. आरोग्य केंद्रात हाताला आठवडाभराचं मलम दिलं, चेहऱ्याला वेगळं, सौम्य, तेही तीनच दिवस. आठवड्यात बरं. उरलेली ट्यूब परत लावली नाही. यंदा हातमोजे घेतले.

पेडण्याहून

भाचा वसतिगृहात. बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती खाज, रात्री जास्त. आम्ही घरातलंच स्टेरॉइड लावलं, आठवडाभर बरं वाटलं. ती खरूज होती. सुट्टीत घरी आला आणि आम्ही पाचही जण खाजवायला लागलो. पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम मानेपासून तळपायापर्यंत सगळ्यांनी एकाच रात्री लावलं, सकाळी धुतलं, आठवड्याने पुन्हा. चादरी-कपडे गरम पाण्यातून काढले. खाज एकापेक्षा जास्त जणांना असेल तर मलमाला हात लावण्याआधी खरूज आहे का ते बघून घ्या.

काणकोणहून

बाबांना पापणीवर खाज. जुन्या चिठ्ठीवरचं मलम दोन वर्षं रोज, जरा जरा. कुणाला काही वाटलं नाही. चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. पापणीची कातडी फार पातळ, औषध आत जातं. आता काचबिंदूचे थेंब कायम चालू. डोळ्याजवळ काही लावत असाल तर आजच विचारून घ्या, एवढीच विनंती.

पुन्हा मी, फोंड्याहून

सगळ्यांचं दोनदा वाचलं. त्या मुलीचं लिहिते, तिला विचारूनच लिहिते आहे.

तिने माझ्या हाताचं मलम चेहऱ्यावर लावलं. हाताच्या तळव्याची कातडी जाड, चेहऱ्याची नाजूक, हे माझ्या मनातही आलं नाही. पहिला महिनाभर ती उजळ दिसत होती. मैत्रिणी विचारायच्या, काय लावतेस? ती ट्यूब तिने पाच महिने लावली, संपल्यावर स्वतः दुसरी आणली. मग गालांवर लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर पुळ्या, ओठांच्या वर लव. एक दिवस लावायचं चुकलं की चेहरा भाजल्यासारखा पेटायचा. चतुर्थीला घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायला सगळे जमले होते, ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तेव्हा तिच्या आईने मला सांगितलं.

मी तिला घेऊन गेले. ज्या डॉक्टरबाईंनी मला माप शिकवलं त्यांच्याचकडे. कडक मलम काढून आधी अगदी सौम्य, मग तेही बंद, सोबत स्टेरॉइड नसलेलं दुसरं मलम आणि सकाळी सनस्क्रीन. पहिले तीन आठवडे फार कठीण गेले. रात्री माझ्याकडे यायची, मी फ्रिजमधल्या पाण्यात पंचा पिळून गालांवर ठेवायचे. आता आठ महिने झाले. आग गेली, पुळ्या गेल्या. शिरा अजून उन्हातून आली की दिसतात.

माझी ट्यूब आता पिठाच्या डब्यांमागे, वरच्या फळीवर असते. वर मार्करने लिहिलंय: माझं नाव, "फक्त हात", आणि उघडल्याची तारीख.