सुपरवायझरच्या ट्रेनिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) मशीनिंगचं युनिट आहे. चार वर्षांत माणसं ४० ची १७० झाली. जे चांगले सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर होते त्यांनाच सुपरवायझर केलं, आणि आता तिथंच अडतंय.

परवाचीच गोष्ट. नव्या पोराचा बोअर (भागातलं भोक) ओव्हरसाइज गेला. सुपरवायझरनं त्याला बाजूला सारलं, स्वतः मशीनमध्ये ऑफसेट (मापाची दुरुस्ती) टाकला, पुढचे पीस ओके काढले. पोरगा नुसता उभा. दुसऱ्या दिवशी परत तीच चूक, आणि सगळ्यांदेखत शिव्या. माणूस वाईट नाही हो, पण शिकवायचं कसं हे त्याला तरी कुणी शिकवलंय?

गेल्या वर्षी एक ट्रेनर बोलावले होते. दिवसभर फुग्यांचे खेळ, इंग्रजी स्लाइड; जेवण मात्र झकास. सोमवारी सगळं जैसे थे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुरू झालेल्या आणि पुढं टोयोटानं उचललेल्या टीडब्ल्यूआयबद्दल (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, सुपरवायझरांना कामाच्या जागीच शिकवायची पद्धत) वाचलंय. त्यातली जॉब इन्स्ट्रक्शनची चार पायऱ्यांची पद्धत मला पटते: माणसाची तयारी करून घ्या, काम दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग लक्ष ठेवा. हे मराठीतून, मशीनजवळ उभं राहून शिकवणारं कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात कुणी माहीत आहे का? एकूण १४ सुपरवायझर आहेत, तीन शिफ्ट. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही, तुम्ही बॅच कशा पाडल्या? खर्च साधारण किती आला तेही सांगा, मालकांचा पहिला प्रश्न तोच असणार.