पायाच्या दवाखान्यात पेशंट अनवाणी फिरतात, फरशीसाठी नक्की काय करावं?

सिस्टर_मिरज:
आमचा मधुमेहाच्या पायांचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. जखमा धुणं, घट्टे-कुरूपं तासणं, नखं कापणं, ड्रेसिंग, सगळं तिथंच. ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी दारात पहिल्या दिवसापासून आहे. काल एक आजोबा तपासणी झाल्यावर तसेच अनवाणी वजनकाट्यापर्यंत जाऊन आले. पट्टी बांधायला पाय उचलला तर टाचेत नखाचा तुकडा रुतलेला, तोही आधीच्या पेशंटच्या. थेंबभर रक्तही आलं होतं. आजोबांना काही कळलंच नव्हतं. रात्री मला झोप लागली नाही.
मावशी दोन वेळा फिनेलनं पुसतात, वासही छान येतो. फिनेल बदलू का? कोणतं चांगलं?

निवृत्त_इनचार्ज:
ताई, फिनेलचं नंतर बघू. आधी ती पाटी काढा.

ज्याच्या तळव्याला टोचलेलं कळत नाही त्याला आपण घरातसुद्धा अनवाणी चालू नका म्हणून बजावतो, एमसीआरची (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल करून घ्यायला लावतो, आणि आपल्याच दारात ती काढायला सांगतो. मी काम केलं त्या एका ठिकाणी चपलांचा रॅक उन्हात होता. मे महिन्यात एक काकू रॅकपर्यंत दहा पावलं अनवाणी गेल्या आणि दोन्ही तळव्यांना फोड आले. दोन दिवसांनी चादर ओली दिसली तेव्हा त्यांना समजलं. ते पाय आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. चप्पल थेट खुर्चीपर्यंत येऊ द्या. दारात जाड पायपुसणं ठेवा, तळ पुसून घ्या. खुर्चीत बसल्यावर चप्पल काढायची, उठण्याआधी घालायची.

दुसरं, नख जमिनीवर पडूच द्यायचं नाही. पायाखाली आधी कागदी शीट अंथरा. काम झालं की पाय खाली टेकायच्या आत ती गुंडाळून दवाखान्यातल्या जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका. ब्लेड लगेच पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. बुरशी नखाच्या आणि कातडीच्या भुग्यात महिनोन्‌महिने जिवंत राहते, म्हणून ड्रेसिंगच्या खोलीत केरसुणी नकोच. केर काढला की तो भुगा उडून शेजारच्या उघड्या जखमेवर बसतो. ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं.

पुसायला तीन बादल्या: साबणाचं पाणी, साधं पाणी, जंतुनाशक. मळ निघाल्याशिवाय जंतुनाशक काम करत नाही. रक्त-पू सांडला तर कागदानं टिपून त्यावर १ टक्का हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक), दहा मिनिटं राहू द्यायचं, मग पुसायचं. बाटली ५ टक्क्यांची असेल तर एक वाटी हायपोला चार वाट्या पाणी. रोज ताजं करा, कालचं ओतून द्या. संडासच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू देऊ नका, विषारी वायू होतो. हे मावशींना स्वतः समजावून सांगा, नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाही.

आणि पोछा रात्रभर बादलीत बुडवून ठेवत असाल तर सकाळी तुम्ही जंतूच पसरवताय. गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. ड्रेसिंगच्या खोलीचा पोछा वेगळा.

आज दवाखाना बंद करताना एक करून बघा. दिवे घालवा, टॉर्च फरशीवर आडवा ठेवा. पडलेलं सगळं दिसेल.

बाबांचा_मुलगा:
बाबांना जिथं नेतो तिथं चपलेवरून घालायची निळी प्लास्टिकची पिशवी देतात. ते चांगलं नाही का?

निवृत्त_इनचार्ज:
दादा, तळवा बधिर असलेल्याला घसरतोय हेही उशिरा कळतं आणि त्या पिशव्या फरशीवर सटकतात. त्याच कारणानं फरशी कोरडी झाल्याशिवाय पुढच्या पेशंटला आत घेऊ नये. दवाखान्याच्या सामायिक स्लिपरही नकोत. बाबांचा पाय त्यांच्या मापाच्या चपलेतच हवा, आणि एकाच्या चिखल्या दुसऱ्याला कशाला द्यायच्या? चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवून खडा आहे का ते मात्र रोज बघा.

सिस्टर_मिरज:
टॉर्च लावला. खुर्चीच्या मागं, फरशीच्या सांध्यांत, नखाचे अकरा तुकडे आणि ब्लेडच्या पाकिटाचा एक चंदेरी कोपरा. दुपारी स्वतः पुसून घेतलेली फरशी ही. मावशी बसूनच राहिल्या, म्हणाल्या, “उभ्यानं दिसतच नाही हो हे.” उद्यापासून रोज टॉर्च त्याच धरणार आहेत.
पाटी काढली. आजोबा गुरुवारी येतील तेव्हा टाच पुन्हा बघते. एकच राहिलं: वजन करताना चप्पल काढावी लागते, तिथं काय करू?

निवृत्त_इनचार्ज:
चपलेसकट वजन करा, मग नुसत्या चपलेचं करून वजा करा. कागदावर चपलेचं वजन एकदाच लिहून ठेवायचं.